डीपी उडाली, पण कोणती?

मागच्या रब्बीतली गोष्ट. हरभरा पाण्यावर आलेला आणि माहेरून भावाचा फोन आला. "आक्का, डीपी उडाली बघ आमची. चार दिस झाले." फोन स्पीकरवर होता. शेजारी माझी लेक बसली होती, ती पुण्याला शिकते. तिनं बसल्या जागेवरून सल्ला दिला, "मग दुसरी ठेव ना मामा, त्यात काय एवढं!" पलीकडून क्षणभर आवाजच नाही. मग भाऊ म्हणाला, "ठिवायला ती काय माझ्या खिशात हाय व्हय, बाळा?"

दोघंही मराठीच बोलत होते आणि दोघांचंही बरोबर होतं. मामाची डीपी म्हणजे शिवाराच्या कडेला दोन खांबांच्या मध्ये बसवलेला, तेलानं भरलेला, सतत गुणगुणणारा लोखंडी डबा. त्याच्यावर आसपासच्या सगळ्यांच्या मोटारी चालतात. भाचीची डीपी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा गोल फोटो. शिवाय तिसरीही एक आहे. आमच्याकडच्या मोठ्या गावांत एखादा 'डीपी रोड' असतो, तो शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता. इंग्रजीत या तिघींचं एकमेकींशी काही नातं नाही. मराठीत मात्र तिघी एकाच नावानं नांदतात आणि बहुतेक वेळा भांडणही होत नाही.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती, रोहित्र जळाल्यामुळे पिकं धोक्यात. माझा भाऊ पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. रोहित्र म्हणजे हीच डीपी, इंग्रजीतला ट्रान्सफॉर्मर, हे त्याला पक्कं माहीत आहे. पण आजवर त्याच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नाही, आणि खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या तोंडून तर नाहीच. रोहित्र हा काही वाईट शब्द नाही. तीन अक्षरी आहे, जीभ अडखळत नाही. तरीही शिवारात डीपी जिंकली. का जिंकली, हे नीट पाहिलं तर नवं तंत्र भाषेत शब्द कसे आणतं याचा बराचसा उलगडा होतो.

दुरुस्त करणाऱ्याची भाषा

यंत्र गावात एकटं येत नाही. त्याच्याबरोबर ते विकणारा येतो, चालवणारा येतो आणि थोड्याच दिवसांत दुरुस्त करणाराही लागतो. सुरुवातीला त्या वस्तूबद्दल बोलायची गरज या तिघांनाच असते, म्हणून ते जे म्हणतील ते नाव पडतं. वस्तू सुरळीत चालू असते तोवर तिच्या भागांची नावं कुणाला लागतच नाहीत. बिघडली की लागतात. विहिरीवरची मोटर बंद पडल्यावर शेतकऱ्याला स्टार्टर, कपॅसिटर, वायंडिंग, बेरिंग हे सगळे शब्द मेकॅनिकच्या तोंडून ऐकावे लागतात आणि पैसेही त्याच नावांचे मोजावे लागतात. ज्या शब्दासाठी दोन हजार रुपये गेले तो माणूस जन्मात विसरत नाही.

त्या मेकॅनिकनं तरी तो शब्द कुठून आणला? त्याच्या उस्तादाकडून, कंपनीच्या खोक्यावरून, शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून. शब्दकोश त्या वाटेवर कुठंच भेटत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे लावायच्या रोटाव्हेटरचं गावात 'रोटा' झालं. तीन अक्षरं गळाली, कुणी ठराव केला नाही. "रान नांगरून घेतलं, आता एक रोटा मारायचा," एवढं म्हटलं की काम समजतं.

कंपनीचं नावच वस्तूला चिकटतं तेव्हा आणखी गंमत होते. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. आज मराठवाड्यात पुढं बकेट असलेलं कुठलंही पिवळं यंत्र जेसीबी असतं, मग ते कुणीही बनवलेलं असो. साखळीच्या चाकांवर चालणारं त्याहून मोठं यंत्र म्हणजे पोकलेन. पोकलेन ही मुळात फ्रान्समधली कंपनी. जलयुक्त शिवारच्या वर्षांत नाले खोल करायची कामं जोरात होती तेव्हा आमच्या ओढ्यात उभं राहून म्हातारी माणसं "पोकलेन तासाला कितीनं घेतलं?" असं विचारायची. एका फ्रेंच कंपनीचं नाव धोतर नेसलेल्या माणसाच्या तोंडी इतकं सहज बसलेलं मी पाहिलं आहे. परभाषेचा शब्द वापरतो आहोत ही जाणीव तिथं औषधालाही नव्हती.

शब्द नेहमी इंग्रजीतूनच येतो असंही नाही. नांदेड-हिंगोलीकडं मळणी यंत्राला हडंबा म्हणतात. हे नाव पंजाबकडच्या थ्रेशरबरोबर आलेलं. यंत्र ज्या दिशेनं येतं, शब्द त्याच दिशेनं येतो.

पण गावातली माणसं नुसती नावं उचलत नाहीत, स्वतःही पाडतात, आणि कित्येकदा समित्यांपेक्षा चांगली पाडतात. मोटरसायकलची फटफटी आवाजावरून झाली. प्रवासी जीपची काळीपिवळी रंगावरून झाली. छोट्या मालवाहू गाडीचा छोटा हत्ती झाला, त्यात तर कंपनीच्या जाहिरातवाल्यांनाही जमली नसती अशी कल्पना आहे. टॉर्चला आम्ही बॅटरी म्हणतो, म्हणजे आतल्या सेलचं नाव बाहेरच्या वस्तूला दिलं. स्विचला बटन म्हणतो, म्हणजे सदऱ्यावरची गुंडी भिंतीवर नेऊन बसवली. आणि विजेला म्हणतो लाईट. "लाईट गेली" म्हणताना दिव्याचा प्रश्नच नसतो, भर दुपारी पिठाची गिरणी बंद पडलेली असते. यातले बॅटरी, बटन, लाईट हे शब्द इंग्रजी आहेत खरे, पण त्यांचे हे अर्थ लंडनच्या माणसाला सांगून बघा.

हे नवं नाही

या सगळ्याला मोबाईलच्या काळातली पडझड समजणाऱ्यांनी एकदा दौलताबादच्या किल्ल्यावर जाऊन यावं. वर एक मोठी तोफ आहे. तिच्यावर फारसीत 'किला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी, असं दणदणीत नाव कोरलेलं आहे. बादशाही नाव. लोक मात्र तिला मेंढा तोफ म्हणतात, कारण तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. त्यात तोफ हा शब्द मूळचा तुर्की, मेंढा आपल्या वाड्यातला. तोफेत भरायची दारू फारसीतून आली. फारसीत तिचा अर्थ औषध. मराठीत तिनं पुढं काय काय अर्थ घेतले ते सांगायला नको.

किल्ल्यावरून खाली छत्रपती संभाजीनगरात आलं की पाणचक्की. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणायचं, ते उंचावरून पाडायचं आणि त्याच्या जोरावर पीठ दळायचं, असं हे अठराव्या शतकातलं तंत्र. नावातलं 'पाण' पाणकोंबडीतलं, पाणबुडीतलं, आणि चक्की उत्तरेकडची. आपला शब्द जातं. पण हातानं ओढायचं ते जातं आणि पाण्यावर चालतं ती चक्की, अशी वाटणी भाषेनं करून टाकली. जुन्या शब्दाला हाकलून न देता नव्याला वेगळी खोली द्यायची, ही भाषेची फार जुनी खोड आहे.

पैठणला एकनाथ महाराजांनी 'अर्जदस्त' नावाच्या रचना केल्या. दरबारात अर्ज करावा तसा देवाकडे केलेला अर्ज, आणि त्यात त्या काळच्या कचेरीतले फारसी शब्द ठासून भरलेले. लोकांना ते कळत होते म्हणून तर भरले. कचेरी हेही एक तंत्रच होतं: हिशेब ठेवायचं, सारा वसूल करायचं, हुकूम पोचवायचं. ते तंत्र ज्यांनी आणलं त्यांचे शब्द राहिले.

समुद्राच्या वाटेनं पोर्तुगीज आले, त्यांचे शब्द चालत चालत आमच्या कोरड्या मुलखापर्यंत पोचले. चावी, बादली, घमेलं हे सगळे तिकडचे. १९७२ च्या दुष्काळात अर्ध्या मराठवाड्यानं रोजगाराच्या कामावर घमेल्यानं माती वाहिली, ते घमेलं पोर्तुगीज आहे हे कुणाच्या स्वप्नातही नसेल. मला सगळ्यात आवडतो तो बंब. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप. मराठीत आल्यावर आधी आग विझवणारा बंब झाला आणि मग न्हाणीघरात अंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंब. आग विझवणारं नाव पोटात आग घेऊन बसलं.

मराठीच्या दारातली तपासणी

आता थोडं व्याकरण. घाबरायचं कारण नाही, कारण हे व्याकरण आपण सगळे रोज बिनचूक वापरतो.

बाहेरून आलेल्या प्रत्येक नामाला मराठी पहिला प्रश्न विचारते: तू तो, ती की ते? इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगाची भानगड नाही, आपल्याकडं त्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही. म्हणून तो स्टार्टर, ती मोटर, ते इंजिन. तिन्ही एकाच विहिरीवर, तिघांची तीन लिंगं. हे ठरवतं कोण? बरंचसं शब्दाचं शेपूट ठरवतं. शेवटी ई आली की शब्द बहुधा स्त्रीलिंगी होतो, काठी-वाटीच्या रांगेत जाऊन बसतो. ट्रॉली, बॅटरी, डीपी. काठीच्या काठ्या होतात तशा ट्रॉलीच्या ट्रॉल्या होतात आणि बॅटरीच्या बॅटऱ्या. काही वेळा जवळचा जुना शब्द लिंग ठरवतो: यंत्र ते, म्हणून इंजिनही ते.

दुसरी तपासणी जास्त कडक आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना शब्द वाकतो. घोडा, पण घोड्यावर. भिंत, पण भिंतीवर. परका शब्द असा वाकायला लागला की तो घरचा झाला असं समजावं. बँक म्हणजे बँकेत. टेबल म्हणजे टेबलाखाली. फाईल म्हणजे फायलीत. मोटर म्हणजे "मोटरीचं वायंडिंग जळालं". हे शब्द आता मराठीच आहेत, त्यांचं कूळ शोधत बसणं निरर्थक आहे. याउलट ॲप अजून वाकलेलं नाही. "ॲपमध्ये भर" म्हणतो, "ॲपात भर" कुणी म्हणत नाही. फोल्डरमध्ये, ग्रुपमध्ये, लिंकवर. 'मध्ये' हा शब्द म्हणजे पाहुण्यासाठी ओसरीवर टाकलेली सतरंजी आहे. पाहुणा तिथं बसतो, माजघरात येत नाही. पन्नास वर्षांनी ॲपाचं काय होतं ते बघायला मी नसेन.

तिसरी तपासणी क्रियापदाची, आणि तिथं मराठी जवळजवळ कुणालाच आत घेत नाही. कोणत्याही भाषेत नामं सहज उसनी घेतली जातात, क्रियापदं फार जड जातात, कारण क्रियापदाच्या मागे काळ, पुरुष, वचन असा मोठा बारदाना असतो. पूर्वी फारसी-अरबीच्या शब्दांना आपण थोडी मोकळीक दिली होती. 'बदल'वरून बदलणे केलं, 'फर्मान'च्या घरातून फर्मावणे घेतलं. इंग्रजीला मात्र ती सवलत मिळालेली नाही. चार्जणे, डाउनलोडणे असं कुणी म्हणत नाही. इंग्रजी शब्द नाम म्हणून पुढं उभा करायचा आणि मागं आपलं क्रियापद जोडायचं: चार्ज करणे.

त्यामुळं होतं काय, की उसना शब्द सगळीकडं सारखा, पण वाक्य ज्याच्या त्याच्या गावचं. माझं माहेर सेलूकडचं, सासर औश्याकडचं. माहेरी पोरगं म्हणतं, "थांब, डाउनलोड करायलो." सासरी दीर म्हणतात, "डाउनलोड करूलालो, दम की जरा." माहेरी नेट "चालंना", आणि मग आई विचारते, "कामून चालंना बरं?" वाक्यात एक शब्द बाहेरचा आहे आणि बाकी सगळं इतकं स्थानिक आहे की बोलणारा परभणीचा की लातूरचा हे फोनवरसुद्धा ओळखू येतं. भाषा बुडाली का, हे मोजायचंच असेल तर वाक्यातले इंग्रजी शब्द मोजण्यापेक्षा हे 'करायलो' आणि 'करूलालो' टिकलंय का ते बघावं. मला त्यांची काळजी जास्त वाटते. शाळेत गेल्यावर पोरांना पहिली लाज याचीच वाटायला लावतात, इंग्रजीची नाही.

'करणे'च्या जोडीला आणखी तीन क्रियापदं आहेत, ज्यांच्या जिवावर अख्खं नवं तंत्रज्ञान मराठीत चाललंय. मारणे: बोर मारणे, रोटा मारणे, रिचार्ज मारणे, मिसकॉल मारणे. लावणे: फोन लावणे, जेसीबी लावणे, बीटी कापूस लावणे. टाकणे: मेसेज टाकणे, पैसे टाकणे, स्टेटस टाकणे आणि, रात्रीच्या वेळी तारेवर, आकडा टाकणे.

पाडलेली नावं: काही तरली, काही बुडाली

माझे आजोबा निजामाच्या काळात शिकलेले. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचं शिक्षणही उर्दूतून दिलं जायचं, आणि त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून शास्त्रांचे शब्द उर्दूत घडवले गेले होते. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० ला महाराष्ट्रात. आता मुंबईहून शब्द यायला लागले. राज्याचं भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ चा राजभाषा कायदा आला, पदनाम कोश निघाला. त्या कोशाला विरोधकांनी 'बदनाम कोश' म्हणून हिणवलं होतं.

म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीनं एकाच आयुष्यात दोन टांकसाळी पाहिल्या. हैदराबादची अरबी-फारसी नाणी पाडायची, मुंबईची संस्कृत. थर्मामीटरचंच बघा. उर्दूतलं त्याचं भारदस्त नाव मिक्यास-उल-हरारत. मराठीतलं तापमापी. आजोबांना दोन्ही येत होती. ताप आल्यावर मागायचे ते थर्मामीटर.

कागदाची गोष्ट वेगळी. जिथं जुना कागद जिवंत आहे तिथं जुना शब्दही जिवंत राहतो. मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडं अजून गिरदावर म्हणणारे आहेत. खासरा, पाहणी हे शब्द तर कुठं गेलेच नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी निजामकाळचे दस्त बाहेर निघाले तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. आणि 'पाहणी' तर थेट मोबाईलमध्ये शिरली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून फोटो काढायचा. जुन्या महसुली शब्दाच्या कपाळावर एक 'ई' लावली, काम झालं. नवा शब्द घडवण्याची ही सगळ्यात स्वस्त रीत.

मुद्दाम घडवलेले शब्द टिकतच नाहीत, असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीतला महापौर आज इतका रुळलाय की मेयर म्हणणाराच वेगळा वाटतो. त्याच चळवळीतली झरणी मात्र फाउंटन पेनाला काही चिकटली नाही. फरक काय? महापौर हे पद आहे. ते पाटीवर, पत्रावर, शपथविधीत असतं, आणि पाटी रंगवणारा सरकारी नाव रंगवतो. पेन दुकानात मिळतं, आणि दुकानदार पेनच म्हणतो.

ठिबकचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ड्रिप इरिगेशन हे परदेशी तंत्र, तरीही आमच्याकडचा ऊसवाला, मोसंबीवाला, केळीवाला ठिबकच म्हणतो. 'ठिबक सिंचन'मधलं सिंचन गळून गेलं, ठिबक राहिलं. "यंदा ठिबकवर केलंय." त्याला कारणं आहेत. शब्द ऐकल्याबरोबर थेंब पडलेला ऐकू येतो. तो नळीबरोबरच गावात आला, मागाहून नाही. आणि अनुदानाच्या फॉर्मवर तोच शब्द होता. त्याच्याच जोडीचं तुषार सिंचन कागदावर राहिलं आणि शेतात स्प्रिंकलर झालं. तुषार हा शब्द कवितेतून आलेला, चिखलात उभा राहीना. शेततळंही असंच टिकलं. शेत आपलं, तळं आपलं, आणि २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यावर तो शब्द घरोघर गेला.

त्याच २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडीला नाव दिलं होतं जलदूत. नाव देखणं होतं, पेपरात छापून आलं, फोटोखाली आलं. लातूरकर म्हणायचे, पाण्याची रेल्वे. आठ-आठ, दहा-दहा दिवस नळाची वाट बघणारा माणूस कालिदासाच्या जवळ जाणारं नाव घेत नाही.

भ्रमणध्वनीची दशा अशी, की तो लग्नपत्रिकेच्या तळाशी आणि सरकारी पत्राच्या कोपऱ्यात उरला. मोबाईल आमच्याकडं पोचला तो टपरीवरच्या रिचार्ज कूपनाबरोबर, आणि भ्रमणध्वनी मागून फायलीतून आला. संगणकाचं अर्धंअर्धं आहे. लिहिताना संगणक, बोलताना कंप्युटर. या दोन थरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. भाकरी आणि भोजन हे दोन शब्द आपण कधीपासूनच दोन वेगळ्या जागी वापरतो.

आत आल्यावर बदललेले

शब्द आला म्हणजे त्याचा प्रवास संपला असं नसतं. १९६४ ला सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं पहिलं वाण आलं आणि गावात हायब्रीड हा शब्द घुसला. घुसला तो ज्वारीचं नाव म्हणूनच. हायब्रीड म्हणजे संकर वगैरे काही नाही, हायब्रीड म्हणजे ती ठेंगणी, भरघोस येणारी आणि गावरानाच्या चवीची नसलेली ज्वारी. "हायब्रीडची भाकर" म्हणताना तोंड जरा वाकडंच व्हायचं. मग ते विशेषण माणसांना लागलं. दोन पोती उचलताना धापा टाकणाऱ्या पोराला म्हातारी म्हणते, "हायब्रीड पोरं तुमी!" प्रयोगशाळेत ज्या शब्दाचा अर्थ जोमदार होता, त्याचा आमच्या ओट्यावर लेचापेचा झाला.

अंगठ्याचा प्रवास याच्या उलटा. हा शब्द आपलाच, पण यंत्रानं त्याचा अर्थ फिरवला. अंगठाबहाद्दर ही शिवी होती. सही न येणाऱ्यानं अंगठा उठवायचा आणि मान खाली घालायची. आज रेशनला अंगठा, सिम कार्डला अंगठा. पदवीधरही मशीनवर अंगठा ठेवतो आणि तो उमटला नाही तर कपाळाला हात लावतो. सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, पण "केवायसी झाली का?" हा प्रश्न त्या शेजारणीला जितक्या सहज विचारतात तितक्याच सहज "चहा झाला का?" विचारतात. केवायसी म्हणजे कशाची आद्याक्षरं, हे त्यांना माहीत नाही. मागच्या महिन्यात एका सुशिक्षित पाहुण्यांना विचारलं, त्यांनाही पटकन सांगता आलं नाही.

निघून गेलेले

यंत्र शब्द आणतं तसं नेतंही, आणि याची चर्चा कमी होते. विहिरीवर मोटर आली आणि मोट गेली. मोट एकटी गेली नाही. तिचे दोर, नाडा नि सोंदूर, गेले, बैल ज्या उतारावरून मागेपुढे करायचे ती धाव गेली, पाणी ज्यात येऊन पडायचं ते थारोळं गेलं. एक वस्तू गेली की तिच्याभोवतीचं शब्दांचं अख्खं बिऱ्हाड उठतं. माझ्या लेकीला यातला एकही शब्द येत नाही, आणि येण्याचं कारणही नाही.

एक अपवाद. थारोळं तिनं ऐकलंय. "रक्ताच्या थारोळ्यात" हे बातम्यांत रोज असतं. मोटेचं पाणी पडायची ती शांत, गार, दगडी जागा, जिथं वाटसरू ओंजळ भरून घ्यायचा, ती विहिरीवरून उठून थेट गुन्हेगारीच्या पानावर गेली. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. मग मामाला फोन लावला. त्याच्या जुन्या विहिरीवर थारोळं अजून आहे, त्यात आता ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी ठेवतात.

सध्या आमच्याकडं जो शब्द दारात उभा आहे तो ड्रोन. आजवर सांगितलेलं सगळं त्यानं उलटं केलं, कारण यंत्राआधी शब्दच आला. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडं रात्री गावांवर ड्रोन फिरतात अशी बोलवा उठली आणि लोक काठ्या घेऊन जागे राहिले. ज्यांनी जन्मात ड्रोन पाहिलेला नव्हता त्यांच्याही तोंडी तो शब्द आठवड्यात बसला. आता तोच ड्रोन सोयाबीनवर फवारणीला येतो, एकरी पैसे घेतो, आणि पोरं त्याच्यामागं बांधावरून पळतात. त्याचं लिंग अजून ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो, "ड्रोन आलं." फवारणीवाला पोरगा म्हणतो, "ड्रोन आला." परवा बांधावर दोघांचं बोलणं चालू होतं आणि पाच मिनिटांत एकाच यंत्राला दोन्ही लिंगं लागली. तेवढ्यात ते वाऱ्यानं बाभळीत जाऊन अडकलं, आणि खाली उतरवताना दोघंही त्याला "येडं" म्हणत होते.